अली हरला, गुलाब लढलाच नाही

मल्लखांबाचं प्रात्यक्षिक सुरू होण्याआधी माइकवरून एक गोष्ट हमखास सांगतात. पेशव्यांच्या दरबारात अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान आले, त्यांनी आव्हान दिलं, कुणी पुढं येईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर उठले. गोष्ट दोन मिनिटांत संपते. पोरं खांबावर चढतात, टाळ्या पडतात, आणि ऐकणारे मनात प्रश्न घेऊन घरी जातात. ही कुस्ती खरंच झाली का? भिक्षुकाच्या विशीतल्या पोरानं तयार पहिलवान कसा पाडला? आणि एकदा चौथी-पाचवीतल्या एका मुलानं विचारलेला प्रश्न तर माझ्या डोक्यातून अजून जात नाही: “गुलाबचं पुढं काय झालं?”

या प्रकरणात आपण ही एकच लढत पुन्हा समोर घेऊ. तिची पाळंमुळं पुण्यात आहेत, पण तिचा खरा निकाल काशीत लागला असं माझं मत आहे. तिथपर्यंत जायला तीन-चार गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतील.

१. गोष्ट जशी सांगतात तशी

काळ दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा. ते १७९६ मध्ये गादीवर आले आणि १८१८ मध्ये त्यांचं राज्य गेलं. म्हणजे कुस्ती झाली ती या बावीस वर्षांत. निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्याला आले. एकेका दरबाराच्या पहिलवानांना लोळवत ते फिरत होते. पुण्यात त्यांनी आव्हान दिलं: जोड द्या, नाहीतर हरल्याचं लिहून द्या. पेशव्यांच्या पदरचे मल्ल गप्प राहिले. तेव्हा नाशिक जिल्ह्यातल्या कोठुरे गावचा बाळंभट देवधर हा तरुण उठला आणि त्यानं आव्हान घेतलं. मात्र तयारीसाठी मुदत मागितली.

मुदत मिळाल्यावर तो वणीच्या गडावर सप्तशृंगीच्या पायाशी गेला. इथून पुढं सांगणाऱ्यागणिक गोष्ट बदलते. कुणी म्हणतं, मारुतीनं दृष्टांत देऊन लाकडी खांबावर डाव दाखवले. कुणी म्हणतं, झाडांवर झेपावणारी माकडं बघून त्याला खांबाची युक्ती सुचली. शेवट मात्र सगळीकडे सारखा आहे. बाळंभटानं परत येऊन अलीला चीत केलं. ते बघून गुलाबनं आखाड्यात उतरायचं नाकारलं.

इतकीच गोष्ट. ती खरी की खोटी असं एका दमात विचारलं तर हाती काही लागणार नाही. तिचे तुकडे करून एकेक तपासावा लागेल.

२. निकाल म्हणजे काय?

आधी हे ठरवू, की कुस्तीत हरणं म्हणजे काय. आपल्या मातीतल्या कुस्तीत उत्तर साधं आहे: पाठ मातीला लागली की संपलं. गुण नाहीत, फेऱ्या नाहीत. मल्ल तासभर वरचढ राहिला आणि समोरच्याची पाठ लागली नाही, तर कुस्ती बरोबरीत सुटते. म्हणूनच गावाकडच्या जत्रेत ‘निकाली कुस्ती’ या शब्दाला एवढी किंमत असते.

पण पाठ लागली हे ठरवायचं कुणी? २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादीवरच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळनं शिवराज राक्षेवर विजय मिळवल्याचं पंचांनी जाहीर केलं, आणि दोन्ही खांदे टेकले होते की नव्हते यावरून महाराष्ट्रभर वाद पेटला. समोर पंच, चारी बाजूंना कॅमेरे, घरोघरी मोबाइलवर तोच क्षण पुन्हापुन्हा फिरवून बघणारी माणसं. तरीही लोकांचं एकमत झालं नाही. मग सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या कुस्तीबद्दल आपण किती खात्रीनं बोलायचं?

दुसरं एक उदाहरण मला फार उपयोगी वाटतं. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनला गामा पहिलवान आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची ‘जॉन बुल’ जागतिक पट्ट्यासाठी कुस्ती झाली. बक्षीस २५० पौंडांचं. महिनाभर आधीच गामानं अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला दोनदा चीत केलं होतं, पहिल्यांदा तर दोन मिनिटांच्या आत. त्यामुळे लोक मोठ्या अपेक्षेनं आले होते. झिबिस्को वजनानं भारी, गामा उंचीनं साडेपाच फुटांच्या थोडा वर. पहिल्याच मिनिटात गामानं त्याला खाली घेतला, आणि झिबिस्को जो पालथा पडला तो जमिनीला चिकटूनच राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ गामा त्याला उलटवायला झटत होता. कुस्ती बरोबरीत सोडवावी लागली. पुन्हा १७ तारखेला ठरली, पण त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही, आणि पट्टा गामाला मिळाला.

आता सांगा, कुस्ती कुणी जिंकली? नियमाच्या भाषेत पहिली कुस्ती बरोबरीत, दुसरी न लढता गामाची. बघणाऱ्याच्या भाषेत अडीच तास एकच माणूस लढत होता. झिबिस्कोच्या बाजूनं बोलायचं तर इतका वेळ गामाला पाठ न देणं हाही पराक्रमच. एकाच लढतीचे तीन निकाल, आणि तिन्ही खरे. फरक इतकाच की त्या दोघांना पुन्हा संधी मिळाली. १९२८ च्या जानेवारीत पतियाळाला, दोघंही पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, गामानं झिबिस्कोला एका मिनिटाच्या आत आस्मान दाखवलं. अठरा वर्षं लोंबकळलेला निकाल तिथं लागला.

अली-बाळंभट लढतीला अशी दुसरी फेरी नाही. जे काही आहे ते एका फेरीत, आणि तेही सांगोवांगी.

३. साक्षीदार कोणत्या बाजूचे?

घरातलं भांडण तिसऱ्या माणसाला कळतं तेव्हा ते ज्याच्या तोंडून कळतं त्याच्या बाजूनं कळतं. तो खोटं बोलत नसतो. त्याला त्याच्या बाजूचं जास्त आठवत असतं. जुन्या लढतींचंही असंच आहे.

ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती बाळंभटदादांच्या शिष्यपरंपरेतून. गुरूंनी शिष्याला सांगितली, त्यानं त्याच्या शिष्याला. ती व्यवस्थित छापली गेली ती विसाव्या शतकात. दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी बडोद्याहून ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत काढला. १९३६ पासून पुढची बारा-तेरा वर्षं हे काम चाललं होतं. तालमीतल्या वस्तादांकडून डाव, पकडी, नावं, वंशावळी गोळा करून त्यांनी एवढं मोठं भांडार उभं केलं की आज मल्लविद्येवर काही लिहिणाऱ्याला त्याच्या दारातूनच आत जावं लागतं. त्या माणसाचे आपल्यावर थोर उपकार आहेत. पण कुस्ती आणि छपाई यांच्यामध्ये शंभराहून जास्त वर्षं गेली होती, हेही ध्यानात ठेवायला हवं.

आता गोष्टीतली नावं नीट बघा. बाळंभटाचं आडनाव आहे, गाव आहे, कुलाचार आहे, देवी आहे. अली आणि गुलाब यांना नुसती हाकेची नावं. त्यांचं गाव नाही, वस्ताद नाही, आधी कुणाला हरवलं त्यांची नावं नाहीत. एकाला तपशील आणि दुसऱ्याला नुसतं नाव, असं जिथं दिसेल तिथं समजावं की गोष्ट जिंकलेल्या घरात वाढली आहे.

यावरून कुस्ती झालीच नाही असं म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. बनवलेल्या गोष्टीत नायक सहसा दोघांनाही लोळवतो. इथं गुलाब न लढता निघून जातो. गोष्ट रचणाऱ्यानं असा अर्धवट शेवट मुद्दाम ठेवला नसता. हा अडखळणारा तुकडाच मला खऱ्याची खूण वाटतो. दुसरं, दरबार बदलत फिरणारे, आव्हान देणारे मल्ल त्या काळी खरोखर होते. राजे-रजवाडे पहिलवान पोसत आणि त्यांच्या जयपराजयात आपली इभ्रत बघत. तेव्हा माझा अंदाज असा: पुण्यात अशी एक कुस्ती झाली, बाळंभटांनी ती जिंकली, आणि तिच्याभोवती पुढं डोंगर, दृष्टांत आणि माकडं जमली.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करतो. अलीकडे कुणी कुणी ही कुस्ती हिंदू विरुद्ध मुसलमान अशी रंगवून सांगतात. आखाड्याचा इतिहास त्याला साथ देत नाही. ती एका दरबाराची दुसऱ्या दरबाराशी लागलेली चुरस होती. ज्या बडोद्यातून ज्ञानकोश निघाला त्याच बडोद्यात प्रोफेसर माणिकरावांनी आयुष्य वाहिलेल्या व्यायाममंदिराला नाव आहे जुम्मादादांचं, त्यांच्या मुसलमान वस्तादांचं.

४. खांबानं काय शिकवलं?

आता विशीतल्या पोरानं तयार मल्ल कसा पाडला, या प्रश्नाकडे येऊ. इथं खांबाकडे जवळून बघायला हवं.

मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा. जमिनीवर साधारण अडीच मीटर उंच, खाली जाड आणि वर निमुळता. खालचा जाड भाग ते अंग, वरचा बारीक भाग ती मान, आणि टोकावर गोल बोंड. त्याला एरंडेल चोळतात. वर्षानुवर्षं तेल आणि घाम पिऊन तो तपकिरी-काळा, आरशासारखा होतो. जवळ गेलं की एरंडेलाचा जड वास येतो. हात लावला तर गुळगुळीत लागतो, पण तळवा दाबून धरला की चिकटतोसुद्धा. एरंडेल घट्ट असतं. उघड्या मांडीनं आणि पोटानं खांब आवळताना ते कातडी सोलू देत नाही आणि पकडही सोडवत नाही.

साबण लावलेलं मूल आंघोळीच्या वेळी हातातून निसटतं, हा अनुभव प्रत्येक घरात आहे. नुसत्या बोटांनी ते धरता येत नाही; आई त्याला कोपरात आणि मांडीत दाबून धरते. कुस्तीतला घामेजलेला मल्ल तसाच निसटतो. त्याला धरायचं तर मनगटावर भरवसा ठेवून चालत नाही. काख, कोपर, मांडी, पोटरी, सगळं अंग पकडीला लावावं लागतं. मल्लखांब नेमकं हेच शिकवतो. ‘अढी’त दोन्ही पायांनी खांबाला विळखा घालतात. ‘बगली’त काखेत खांब आवळून सगळा भार तोलतात. ‘दसरंगा’त उलटं होत पाय वर फेकून चढत जातात.

एक छोटा हिशोब करून बघू. साठ किलोचा मुलगा बगलीवर लटकतो तेव्हा त्याचे साठही किलो दंड आणि बरगड्या यांच्या चिमट्यात असतात. पकड तसूभर ढिली झाली तर तो खाली येतो. असा प्रयोग तो रोज वीस-तीस वेळा करतो. जोडीदाराबरोबर सराव करताना पकड ढिली असली तरी जोडीदार सांभाळून घेतो, दमला तर थांबतो. खांब सांभाळून घेत नाही. चूक झाल्याचं त्याच क्षणी समजतं, आणि वस्ताद जवळ नसला तरी समजतं.

म्हणजे मुदत मागून, खांबावर पकड आणि कंबर तयार करून एखाद्या मूळच्याच चपळ तरुणानं वजनदार मल्लाला चकवलं, यात अशक्य असं काहीच नाही. दृष्टांत बाजूला ठेवला तरी कुस्ती समजते.

पण मग बाळंभटांनी मल्लखांब शोधून काढला हे खरं का? इथं माइकवरची गोष्ट थोडी दुरुस्त करायला हवी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या सरावाचं तपशिलानं वर्णन आहे आणि त्यात खांबावरच्या मेहनतीचाही उल्लेख येतो. खांब बाळंभटांच्या आधी साडेसहाशे वर्षं होता. त्यांनी केलं ते माझ्या मते शोध लावण्याहून मोठं काम. विस्मरणात गेलेल्या मेहनतीला त्यांनी पाठाची शिस्त लावली. कोणती पकड आधी, कोणती नंतर, कोणत्या डावाला काय म्हणायचं, पोराला कितव्या महिन्यात कुठं आणायचं, हे बसवलं. पदार्थ घरोघरी होत असतो. त्याची कृती लिहून पुढच्या पिढीच्या हाती देणारी बाई वेगळी. तिच्यामुळे पदार्थ टिकतो.

५. पुण्याहून काशीला

आता कीर्तीचा प्रश्न. लढत जिंकल्यानं बाळंभटदादांना काय मिळालं?

तात्काळ मिळाला पेशव्यांचा आश्रय. पण दरबारी पहिलवानाची कीर्ती दरबाराइतकीच टिकते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. बाजीरावांना वर्षाला आठ लाखांचा तनखा देऊन इंग्रजांनी कानपूरजवळ बिठूरला, म्हणजे ब्रह्मावर्ताला, नेऊन ठेवलं. त्यांच्यामागे पुण्यातली शेकडो कुटुंबं तिकडं गेली आणि बाळंभटदादाही गेले. नानासाहेब, तात्या टोपे, पुढं झाशीची राणी झालेली मनू यांना बिठूरच्या आखाड्यात मल्लखांबाचे धडे मिळाले, असं परंपरा सांगते.

समजा बाळंभटदादांकडे अलीवरच्या विजयाखेरीज काहीच नसतं, तर? शनिवारवाडा गेला, कुस्ती बघणारे पांगले, पदक नाही, कागद नाही. दहा-वीस वर्षांत गोष्ट विरून गेली असती. त्या काळी अशा कितीतरी कुस्त्या झाल्या असतील ज्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत.

त्यांना तारलं काशीनं. पुढं त्यांनी काशीत आखाडा काढला. तेव्हाची काशी म्हणजे निम्मं महाराष्ट्राचं माहेर. विश्वनाथाचं देऊळ अहिल्याबाईंनी पुन्हा उभारलेलं. भोसले घाट नागपूरकरांचा, शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाईंचा. बाजीरावांचे दत्तक बंधू अमृतराव यांनी तिथं घाट बांधला आणि अन्नछत्र चालवलं. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात मराठी भिक्षुक, शास्त्री, वैदिक यांची घरं दाटीनं वसलेली. सकाळी गंगेत स्नान, मग पाठ, आणि मग व्यायाम, असा तिथल्या मुलांचा दिवस. आखाडा हा बनारसच्या हवेतच आहे. तिथं जवळजवळ प्रत्येक मोहल्ल्याला आखाडा, आखाड्यात मारुती, आणि नागपंचमीला दंगल. अशा गावात पोरांना तोटा नव्हता, आणि शिकवायला आलेल्या माणसाकडे शिकवायला भरपूर होतं.

काशीत त्यांचे पट्टशिष्य कोंडभटनाना गोडबोले तयार झाले. शिष्यांचे शिष्य गावोगाव पांगले आणि जातील तिथं त्यांनी खांब पुरले. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनं १९३६ मध्ये बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, भारतीय व्यायामप्रकार करून दाखवले. १९८१ मध्ये उज्जैनला मल्लखांबाची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली. २०१३ मध्ये मध्य प्रदेशानं त्याला राज्याचा खेळ केलं. २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर जागतिक स्पर्धा भरली. हे सगळं करणारे त्या काशीच्या आखाड्याचेच शिष्य होते असं मी म्हणत नाही. पण यातला बहुतेक प्रत्येक वस्ताद खांबाला नमस्कार करताना बाळंभटदादांचं नाव घेतो.

माणसाची कीर्ती लढतीमुळे राहिली की लढतीची कीर्ती माणसामुळे राहिली, याचं उत्तर इथं मिळतं. अलीवरचा विजय आज आपल्याला ठाऊक आहे, कारण जिंकणारा माणूस पुढची तीसेक वर्षं पोरांना शिकवत बसला.

६. काशीची मुक्की: बारा जणांचं गणित

देवधर हे आडनाव काशीत आणखी एका लढाईशी जोडलेलं आहे, आणि तीही पुन्हा जोखण्यासारखी आहे. ही कुस्ती नव्हे, मुष्टियुद्ध. काशीत त्याला ‘मुक्की’ म्हणतात. हातमोजे नाहीत, दोरांचं रिंगण नाही. लहानपणापासून मुठी दगडावर घासून-आपटून घट्ट करायच्या, आणि ठरलेल्या दिवशी कधी एकास एक, तर कधी एका टोळीनं दुसऱ्या टोळीशी भिडायचं. टोळ्यांच्या लढतीत डोकी फुटू लागली तेव्हा इंग्रजी अमलात त्यांच्यावर बंधनं आली.

या मुक्कीतलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे नारायणगुरू बाळंभट देवधर. त्यांच्याबद्दल सांगतात, की एका वेळी बाराहून अधिक जणांशी ते एकटे लढले.

ऐकणारा इथं दोनपैकी एक करतो: हात जोडतो, नाहीतर मान हलवतो. आपण तिसरं काही करू. हिशोब करू.

मोकळ्या मैदानात उभं राहा. तुम्हाला ठोसा लागेल इतक्या जवळ, म्हणजे हातभर अंतरावर, तुमच्याभोवती किती माणसं मावतील? हातभर म्हणजे पाऊण मीटर धरू. त्या वर्तुळाचा घेर येतो साडेचार-पावणेपाच मीटर. ठोसा मारायचा तर खांदा वळायला हवा, कोपर मागं जायला हवं. एका माणसाला मीटरभर जागा लागतेच. म्हणजे एका वेळी फार तर चार. पाठीशी भिंत घेतली तर दोन. काशीच्या गल्लीत, जिथं समोरून गाय आली की आपण ओट्यावर चढतो, तिथं एक किंवा दोन. बाकीचे आठ-दहा जण मागं उभे राहून आपल्याच माणसाला ढकलत असतात.

तेव्हा ‘एका वेळी बारा’ याचा खरा अर्थ ‘एकामागून एक, दोघं-दोघं’ असा लावायला हवा. मग पराक्रम लहान होतो का? तोही हिशोब करू. आजच्या मुष्टियुद्धात फेरी तीन मिनिटांची आणि मधे मिनिटभर विश्रांती. बारा जणांना एकेक मिनिट दिलं तरी बारा मिनिटं झाली, म्हणजे चार फेऱ्या, मधे श्वास न घेता, प्रत्येक वेळी समोर ताज्या दमाचा माणूस, आणि मुठीवर मोजा नाही. ज्यानं कधी तीन मिनिटं सलग ठोसे मारले आहेत त्याला विचारा, तिसऱ्या मिनिटाला हात कसे शिशासारखे होतात. नारायणगुरूंची गोष्ट चमत्काराच्या यादीतून काढली की ती माणसाच्या पराक्रमाच्या यादीत फार वर जाऊन बसते. मला ती तिथंच जास्त आवडते.

७. गुलाबचा निकाल

राहिला त्या चौथी-पाचवीतल्या मुलाचा प्रश्न.

गुलाबबद्दल आपल्याला एकच गोष्ट सांगितली जाते, की तो लढला नाही. दोनशे वर्षं प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या आधी माइकवरून तो पळतो आहे. मला हे अन्यायाचं वाटतं. आव्हान दोघांचं होतं, पण बाळंभटाचा डाव त्या दिवशी पहिल्यांदाच दिसला होता. जोडीदाराला एका अनोळखी पकडीत सापडून चीत होताना बघितलं, तर शहाणा मल्ल काय करेल? आजचा वस्तादसुद्धा आपल्या पठ्ठ्याला सांगेल, आज नको, आधी हे काय आहे ते समजून घे. बाळंभटानंही तेच केलं होतं. त्यानं आव्हान घेतलं आणि मुदत मागितली. त्याची मुदत तपश्चर्या ठरली, आणि गुलाबचा नकार भित्रेपणा ठरला. गुलाबला मुदत मिळाली असती तर दुसऱ्या कुस्तीचं काय झालं असतं, हे कुणी सांगू शकत नाही.

झिबिस्कोशी तुलना करा. तोही १७ सप्टेंबरला आला नव्हता. पण त्याच्या बाजूनं लिहिणारे होते, त्याचं वय, वजन, आधीच्या कुस्त्या सगळं नोंदलेलं होतं, आणि अठरा वर्षांनी गामासमोर पुन्हा उभं राहायची संधी त्याला मिळाली. तो पतियाळाला हरला, पण पळपुटा म्हणून इतिहासात गेला नाही.

म्हणून माझा निकाल असा. पुण्यातली कुस्ती बाळंभटांनी जिंकली, हे मानायला हरकत नाही. अली हरला, पण तो तयार आणि नावाजलेला मल्ल होता. नाहीतर त्याच्यासाठी कुणी गडावर जाऊन तपश्चर्या केली नसती. गुलाबचा निकाल लागलेलाच नाही. पंचांच्या वहीत त्याच्या नावापुढं ‘पराभूत’ लिहिता येत नाही, ‘कुस्ती झाली नाही’ एवढंच लिहिता येतं.

आणि वाचकांपैकी कुणी हैदराबाद, औरंगाबाद, बिदर, गुलबर्गा या भागातल्या जुन्या तालमींशी नातं सांगणारे असतील, तर त्यांना एक विनंती आहे. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या वस्तादाच्या तोंडून अली किंवा गुलाब ही नावं कधी ऐकली असतील, पुण्याच्या कुस्तीची दुसरी बाजू कुणी सांगितली असेल, तर ती तारखेसकट, सांगणाऱ्याच्या नावासकट लिहून ठेवा. बाळंभटदादांचं गाव आपल्याला ठाऊक आहे. त्या दोघांचं अजून कळायचं आहे.